सरांचे डोळे

"पट्टा काढला तर मुंडी खाली पडंल की माझी," बसव्वा म्हणाली आणि तिनं दोन्ही हातांनी मानेचा पट्टा घट्ट धरून ठेवला.

"पडली तर मी धरतो. तुम्ही हात सोडा," नाडगौडा सर म्हणाले.

जतच्या मंगल कार्यालयाचं स्टेज होतं. जिथं एरवी नवरा-नवरीच्या खुर्च्या मांडतात तिथं माझ्या दवाखान्यातलं तपासणीचं टेबल आणून ठेवलं होतं. टेबलावर बसव्वा, तिच्यासमोर सर आणि खाली सतरंजीपलीकडच्या खुर्च्यांवर तालुक्यातले झाडून सगळे डॉक्टर. आमच्याकडे डॉक्टरांच्या व्याख्यानाला गर्दी होते ती विषयापेक्षा जेवणाच्या बेतावर. त्या दिवशी हुग्गीचा बेत होता, म्हणजे खपली गव्हाची गुळातली खीर, त्यामुळे हॉल भरलेला होता. सरांचं नाव ऐकून आलेली बहुधा मी एकटीच.

कान-नाक-घशाचं शिक्षण मी कोल्हापुरात सरांच्या हाताखाली घेतलं. ते निवृत्त झाले होते, पण दरारा निवृत्त झाला नव्हता. त्यांच्यासमोर आजही मी खुर्चीत मागे टेकून बसू शकत नसे. आपल्या गावच्या डॉक्टरांना चक्कर तपासायला शिकवा म्हणून मीच त्यांच्या मागे लागले होते. कारण चक्कर म्हटली की आमच्या तालुक्यात दोनच निदानं होत, एक अशक्तपणा आणि दुसरं मान. अशक्तपणाला सलाईन, मानेला पट्टा. आतला कान कुणाच्या गावीच नव्हता.

बसव्वा हे त्याचं चालतंबोलतं उदाहरण. बाई खानावळीला भाकऱ्या थापून द्यायची. सकाळी अंथरुणातून उठताना, कूस बदलताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना घर गरकन फिरायचं. कुणीतरी मानेचा फोटो काढला. त्या वयात मान झिजलेली दिसणारच, तशी ती दिसली आणि पट्टा चढला. गंमत अशी की पट्ट्यानं तिला खरंच बरं वाटायचं. मान हलवता येईना म्हणून चक्कर येईना. चक्कर येईना म्हणून सगळ्यांची खात्री पटली की दुखणं मानेचं. हे गणित इतकं पक्कं बसलं होतं की पट्टा काढून पाहावा असं कुणाला सुचलंच नाही. आणि तो पट्टा चढवणारे डॉ. उमराणी, आमच्या संघटनेचे अध्यक्ष, पहिल्या रांगेत मधोमध बसले होते.

सरांनी पट्टा काढून माझ्या हातात दिला. बसव्वाचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून उजवीकडे वळवलं आणि काही कळायच्या आत तिला आडवं केलं, असं की डोकं टेबलाच्या कडेबाहेर जरा खाली लोंबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग बसव्वानं कानडीत आईला हाक मारली आणि टेबलाची कड पकडली.

"डोळे मिटू नका. माझ्याकडे बघा," सर म्हणाले. मग हॉलकडे न बघता त्यांनी सगळ्यांना वर बोलावलं. "ही काय ओरडते ते ऐकू नका. डोळे बघा. वर या, जवळून बघा."

खुर्च्या सरकल्या. एकेक डॉक्टर वाकून बघून गेला. बसव्वाची बुबुळं गोल फिरत झटके घेत होती. जराशानं ती आपोआप थांबली. सरांनी सांगितलं की कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या नळ्या असतात. त्यांत वाळूसारखे बारीक कण चुकून शिरले की डोकं हललं तसे ते घरंगळतात आणि माणसाला जग फिरल्यासारखं वाटतं. औषधानं ते कण जागचे हलत नाहीत, डोकं वळवून वळवून बाहेर काढावे लागतात. आणि बोलता बोलता त्यांनी ते काढलेही. डोकं एका बाजूनं दुसऱ्या बाजूला, मग सगळं अंग कुशीवर, मग बसतं. जरा वेळानं तिला पुन्हा तसंच आडवं केलं. डोळे शांत.

बसव्वा उठून बसली. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, छताकडे पाहिलं. मग सरांकडे बघत म्हणाली, "आता काय केलंसा?"

"वाळू काढली," सर म्हणाले.

तिनं पट्टा माझ्या हातातून घेतला, पिशवीत कोंबला आणि जाताना उमराणींकडे असं काही पाहिलं की मागच्या रांगेत हशा पिकला. उमराणीही हसले. माणूस तसा दिलदार. तालुक्यात त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय कुणी जन्मत नव्हतं की मरत नव्हतं, त्यामुळे चार चुका पदरी असल्या तरी त्या त्यांनी कधी लपवल्या नाहीत.

हा झाला अर्धा विषय. डोकं हलवलं की येते आणि थांबते, त्या चकरेची ही तपासणी. जी चक्कर अचानक येते आणि थांबतच नाही, तिची तपासणी वेगळी. सर त्याकडे वळणार तोच उमराणी उठले आणि हुग्गी गार होतेय म्हणाले. पुढचं जेवणानंतर सांगतो, असं म्हणून सर स्टेजवरून उतरले. संध्याकाळी त्यांचा सत्कारही ठेवला होता, तेव्हा घाई कुणालाच नव्हती.

जेवण उमराणींच्या घरी होतं, रस्त्याच्या पलीकडे. बाकीचे डॉक्टर कार्यालयातच पंगतीला बसले. घरात सर, त्यांच्याबरोबर कोल्हापूरहून आलेल्या सुनंदाकाकू, उमराणी आणि मी, एवढेच. सर खुशीत होते. बसव्वासारखा पेशंट मिळाला की त्यांना दिवाळी झाल्यासारखी वाटायची. कडक भाकरी मोडत ते काकूंना सांगत होते की या बिराजदारनं परीक्षेत असं असं उत्तर लिहिलं होतं, आणि ते उत्तर मी कधीच लिहिलं नव्हतं. मी ऐकून घेत होते.

बोलता बोलता ते थांबले. हुग्गीची वाटी त्यांनी खाली ठेवली आणि टेबलाची कड धरली.

"फिरतंय," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता, पाऊस आला म्हणावं तसा. पुढच्या क्षणी त्यांना उलटी झाली.

उमराणींनी आणि मी त्यांना धरून आतल्या खोलीतल्या पलंगावर नेलं. नेताना त्यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर येत होता. त्या वेळी मला वाटलं की माझी उंची कमी पडतेय. काकू मागून ओला टॉवेल घेऊन आल्या. खोली जेवणाच्या वासापासून लांब होती, तरी पुन्हा दोनदा उलटी झाली. मग सर डोळे मिटून पडून राहिले आणि पडल्या पडल्या त्यांनी स्वतःचं निदान केलं.

गेल्या आठवड्यात सर्दी झाली होती. आता अचानक चक्कर, थांबत नाही, उलट्या, ऐकायला नीट येतंय. म्हणजे तोल सांभाळणाऱ्या कानाच्या नसेला सूज. दोन-तीन दिवस त्रास होईल, मग उतरेल. उलटीचं आणि झोपेचं इंजेक्शन द्या, अंधार करा, मला पडू द्या. सत्कार करायचाच असेल तर शाल इथंच आणून घाला. हे सगळं त्यांनी अशा ठसक्यात सांगितलं की काकूंच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

उमराणींनीही हयगय केली नाही. ब्लड प्रेशर घेतलं, थोडं वाढलेलं होतं. साखर पाहिली, ठीक होती. दोन्ही हात दाबायला लावले, पाय उचलायला लावले, दात दाखवायला लावले, नाव-गाव विचारलं. सरांनी वैतागून आपल्या आजोबांपासून सगळं नाव सांगितलं. तोंड वाकडं नाही, जीभ अडखळत नाही, हातापायात जोर आहे. लकव्याचं काही चिन्ह नाही म्हणत उमराणींनी पेटीतून इंजेक्शनची बाटली काढली आणि सुई भरायला घेतली.

खरं सांगायचं तर या सगळ्याला नाव ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. दहापैकी नऊ वेळा सर म्हणाले तेच निघालं असतं. पण सरांनीच मला शिकवलं होतं की चकरेच्या पेशंटचे डोळे बघितल्याशिवाय खोलीबाहेर पडायचं नाही, आणि त्यांचे डोळे अजून कुणीच बघितले नव्हते.

"सर, मी एकदा बघते," मी म्हटलं.

"बघ ना. डोळे उडतायत ना?" त्यांनी पापण्या उघडल्या. "कुठल्या बाजूला?"

"डावीकडे."

"म्हणजे उजवा कान. झालं तर." आणि त्यांनी डोळे परत मिटले.

मी त्यांना पुन्हा उघडायला लावले. माझ्या बोटावर नजर ठेवून उजवीकडे बघा म्हटलं. ते बघायला लागले आणि डोळ्यांचे झटके उजवीकडे सुरू झाले. डावीकडे बघायला लावलं, झटके डावीकडे. मी काही बोलले नाही. कान बिघडला तर डोळे कुठंही बघितलं तरी एकाच दिशेला उडतात, बाजू बदलत नाहीत.

मग मी ती तपासणी केली. करायला काही लागत नाही. मी पलंगाच्या कडेला बसले, काकूंना सरांच्या पाठीला आधार द्यायला सांगितला आणि त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरलं. माझ्या गुरूचं डोकं मी कधी हातात धरेन असं मला वाटलं नव्हतं. केस पांढरे आणि अगदी मऊ होते.

"माझ्या नाकाकडे बघत राहा, सर."

त्यांनी बघितलं. मी डोकं एकदम थोडंसं उजवीकडे झटकलं. डोळे माझ्या नाकावरच. पुन्हा डावीकडे. डोळे नाकावरच. पुन्हा उजवीकडे, ते कधी वळवणार हे त्यांना कळू नये म्हणून जरा थांबून. डोळे जागचे ढळले नाहीत.

"काय म्हणतात डोळे?" उमराणींनी विचारलं.

"हलत नाहीत. नाकावर पक्के राहतात."

"वा. म्हणजे ही तपासणी नॉर्मल आली," उमराणी म्हणाले, आणि काकूंनी देवाचं नाव घेतलं.

व्याख्यानाचा राहिलेला अर्धा भाग उमराणींनी ऐकलेला नव्हता, त्यांचा काय दोष. जगात बहुतेक तपासण्या नॉर्मल आल्या की पेढे वाटायचे असतात. ही एकच अशी उफराटी आहे. कान बिघडला असेल तर डोकं झटकल्यावर डोळे डोक्याबरोबर वाहवत जातात आणि मग उडी मारून नाकावर परत येतात. ती उडी दिसली की डॉक्टरनं निर्धास्त व्हायचं, दुखणं कानाचं आहे, माणूस मरत नाही. पण समोरचा माणूस सतत गरगरतोय, उलट्या करतोय आणि तरी डोळे नाकावर पक्के आहेत, याचा अर्थ कान शाबूत आहे. मग बिघाड त्याच्या मागे, लहान मेंदूत आहे.

त्या खोलीत हे माहीत असलेली माणसं दोनच होती. एक मी, आणि दुसरे माझ्या हातांत डोकं देऊन बसलेले.

सरांनी पापण्या एकदा घट्ट मिटून उघडल्या. मग म्हणाले, "परत कर."

मी परत केलं. दोन्ही बाजूंनी.

"उडी?"

"नाही, सर."

"तुझी गती कमी पडतेय. हळू वळवलं की उडी दिसत नाही."

"गती कमी असती तर तुम्ही मला पासच केलं नसतं," मी म्हटलं. "सर, कान नाही."

ते रागावले. त्यांचा राग मला ओळखीचा होता, आधी नाकपुड्या फुलायच्या. चाळीस वर्षं कान बघतोय, मला माझा कान कळत नाही का, असं त्यांनी मला विचारलं. बिराजदारला पहिल्यापासूनच घाबरवायची सवय आहे, असं काकूंना सांगितलं. हातपाय चालतायत, जीभ चालतेय, मेंदूला काही झालं असतं तर मी असा बोललो असतो का, असं उमराणींना विचारलं. उमराणींनी मान हलवली. त्यांच्या हातात सुई भरलेली होती.

शब्दाला शब्द वाढवण्यात अर्थ नव्हता. मी काकूंना आधार काढून घ्यायला सांगितलं आणि सरांना म्हटलं, "बरं, माझं सगळं चुकलं. तुम्ही फक्त हाताची घडी घालून, कशालाही न टेकता बसून दाखवा. मग मी दिवा मालवून निघून जाते."

कानाच्या चकरेतला माणूस कितीही गरगरला तरी बसू शकतो, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी चिडूनच हाताची घडी घातली. काकूंनी हात काढला. सर सावकाश डावीकडे कलत गेले. आपण कलतोय हे त्यांना कळलंही नाही, ते माझ्याकडेच बघत होते, आणि काकूंनी धरलं नसतं तर पलंगावरून खाली गेले असते. मला तेव्हा उमगलं की जेवणाच्या टेबलावरून आणताना माझी उंची कमी पडत नव्हती.

काकूंनी त्यांना सरळ केलं. त्यांनी पुन्हा घडी घातली. पुन्हा डावीकडे गेले. मग आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

"इंजेक्शन ठेवून द्या, डॉक्टर," मी उमराणींना म्हटलं. "यांना मिरजेला न्यायचंय. आत्ता."

उमराणी पेचात पडले. त्यांनी मला दाराशी नेऊन हळू आवाजात समजावलं. ताई, पाहुणा माणूस, एवढा मोठा डॉक्टर, स्वतः सांगतोय कान आहे म्हणून. अशा उलट्यांत दोन तास गाडीत हिंदकळत न्यायचं, आणि तिथं गेल्यावर कानच निघाला तर लोक तोंडात शेण घालतील. थोडं झोपू दे, संध्याकाळी बघू. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी हेच म्हणालं असतं.

"झोपेचं औषध दिलं तर झोप औषधाची की मेंदूच्या सुजेची हे संध्याकाळी ओळखणार कसं?" मी म्हटलं. मी आवाज मुद्दामच खाली आणला नाही. "सरांना जगातल्या सगळ्या माणसांचे डोळे बघता येतात, स्वतःचे सोडून. ते मला दिसतायत."

काकू पलंगावर बसून हे ऐकत होत्या. सडपातळ बाई, संसारभर नवऱ्याच्या निदानावर विश्वास ठेवलेली. मुलाचा ताप असो की शेजारणीचं पोट, घरात सरांचा शब्द शेवटचा. त्यांनी सरांच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हेमलता, तुला खात्री आहे?"

"आहे."

"नसती तर काय केलं असतंस?"

"तरी नेलं असतं. पण खात्री आहे, काकू."

त्यांनी पदर खोचला आणि ड्रायव्हरला हाक मारली. सर भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले की सुनंदा, काही गरज नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांचं म्हणणं काकूंनी ऐकलं नाही, असं पुढं त्यांनीच मला सांगितलं.

गाडीत मागच्या सीटवर सरांचं डोकं काकूंच्या मांडीवर होतं. त्यांच्या पायाशी दाटीवाटीनं मी बसले होते. पुढे ड्रायव्हरशेजारी उमराणी बसले. तुम्ही कशाला, कार्यालयात शंभर माणसं थांबलीत, असं मी म्हटलं, तर म्हणाले की माझ्या घरातून पेशंट निघालाय, पोचवायला मी नको का. कवठेमहांकाळपर्यंत त्यांचा फोन कानाला होता. मिरजेतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्यांच्या ओळखीचे मेंदूचे डॉक्टर होते. पेशंटला चक्कर आहे आणि आमच्या ताई म्हणतात की कान नाही, हे वाक्य त्यांनी तीनदा वेगवेगळ्या माणसांना सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज माझ्यापेक्षा ठाम झाला होता.

मी सरांच्या पायावर हात ठेवून बसले होते. मला फार भीती वाटत होती. निदान चुकेल याची नाही, बरोबर असेल याची. माझं खरं ठरावं असं मला वाटत नव्हतं, आणि खोटं ठरणार नाही हे मला कळत होतं. डोळ्यांत पाणी येत होतं ते मी बाहेरच्या माळाकडे बघून परतवत होते.

सर डोळे मिटून पडले होते. झोपले असावेत म्हणून मी घाबरून त्यांचा पाय हलवला.

"जागा आहे," ते म्हणाले. मग जरा थांबून, "बिराजदार, उजवीकडे बघितल्यावर कुठं उडत होते?"

"उजवीकडे."

"आणि डावीकडे बघितल्यावर?"

"डावीकडे, सर."

गाडी खड्ड्यातून गेली. त्यांनी दात आवळले. "आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही डोळे मिटले होते."

काकूंनी त्यांच्या कपाळावरचा टॉवेल उलटा केला.

मिरजेला दारातच स्ट्रेचर घेऊन माणसं उभी होती, ही उमराणींच्या फोनची करामत. अपघात विभागातला डॉक्टर तरुण होता. पेशंट कोण आहे हे कळल्यावर तो आधी सरांच्या पाया पडला आणि मग नाडी बघितली. डोक्याचा साधा स्कॅन लगेच झाला. तो घेऊन तो हसत आला. स्कॅन स्वच्छ होता. रक्तस्राव नाही, काही नाही.

मला माहीत होतं की लहान मेंदूतली ताजी गुठळी त्या स्कॅनमध्ये दिसत नाही, दुसरा मोठा स्कॅन लागतो. मी तसं सांगितलंही. पण मी कोण, तालुक्याच्या गावची कानाची डॉक्टर. समोर पडलेला माणूस त्या मुलाच्या शिक्षकांचा शिक्षक. त्यानं माझं नम्रपणे ऐकून घेतलं आणि सरांवर वाकून विचारलं, "सर, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? कानाचंच असेल ना?"

सगळं पुन्हा तिथंच येऊन थांबलं. सरांनी हो म्हटलं असतं की त्यानं इंजेक्शन लिहून त्यांना वॉर्डात झोपवलं असतं. माणसाला त्या क्षणी हो म्हणावंसं किती वाटत असेल. काकूंनी माझा हात धरला होता.

सरांनी डोळे उघडले. ते उडतच होते.

"मला विचारू नका," ते म्हणाले. जीभ आता किंचित जड झाली होती. "मी पेशंट आहे. पेशंटला त्याचं निदान विचारायचं नसतं. माझे डोळे हिनं बघितलेत. ही काय सांगते ते लिहा."

तो मुलगा माझ्याकडे वळला. त्यानं खिशातून पेन काढलं.

मी सगळं ओळीनं सांगितलं. झटक्यांची दिशा नजरेबरोबर बदलते. डोकं झटकल्यावर दोन्ही बाजूंना डोळे पक्के. आधाराशिवाय बसता येत नाही, तोल डावीकडे जातो. "कान नाही. डावा लहान मेंदू. मोठा स्कॅन आत्ताच्या आत्ता," मी म्हटलं, आणि सरांनी डोळे मिटून घेतले.

स्कॅनमध्ये गुठळी मी सांगितली होती तिथंच निघाली. मेंदूच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगून टाकलं की हा भाग सुजणार आहे, आणि तो सुजला की जागा कमी पडते. त्यांनी सरांना डोळ्यांसमोर ठेवलं, ऑपरेशनची तयारी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी सरांना ग्लानी यायला लागली, तसे ते त्यांना थेट आत घेऊन गेले आणि मागच्या बाजूनं कवटी उघडून मेंदूला जागा करून दिली.

आम्ही बाहेर बाकावर बसून होतो. उमराणी रात्रीसुद्धा जतला परतले नव्हते. काकूंनी मला एकदाच विचारलं की घरी झोपवलं असतं तर काय झालं असतं. त्यांना धीर द्यायला काहीतरी गोड बोलावं असं मला वाटलं, पण त्या बाईनं मला आदल्या दिवशी जे दिलं होतं त्याच्या बदल्यात खोटं बोलणं बरं दिसलं नसतं. झोपेतच गेले असते, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग आम्ही दोघी रडलो, चांगलं पोटभर, आणि उमराणी उठून चहा आणायला गेले.

सर वाचले. पाय फाकून चालायला लागले, डाव्या हाताला थरथर राहिली, पेशंट बघणं सुटलं. याला आता पंधराएक वर्षं झाली. उमराणींनी ती तपासणी माझ्याकडून शिकून घेतली आणि असा धडाका लावला की आमच्या तालुक्यात आता कुणाचीच मान सुरक्षित नाही. चक्कर म्हणायची खोटी, की म्हातारा डोकं धरतो आणि आपल्या नाकाकडे बघायला लावतो. पट्टा मात्र त्यांनी नंतर कुणाला चढवला नाही.

ऑपरेशननंतर वर्षभरानं, बाजाराच्या दिवशी, माझा दवाखाना गच्च भरलेला होता. मी पेशंट बघून बाहेर डोकावले तर बाकावर, एका मेंढपाळाच्या आणि नाकात शेंगदाणा घातलेल्या पोराच्या मध्ये, सर काठी धरून बसलेले. शेजारी काकू. मी धावतच गेले. तुम्ही फोन का केला नाही, आत चला म्हटलं. त्यांनी काठीनं मला बाजूला केलं आणि नंबर आला की येतो म्हणाले. आणि खरोखर, मेंढपाळाचा कान धुऊन होईपर्यंत आणि पोराचा शेंगदाणा निघेपर्यंत ते बसून राहिले.

आत आल्यावर पेशंटच्या स्टुलावर बसले. मी काकूंना विचारलं की झालं काय. काकू हसत होत्या. महिनाभर उजव्या कानानं कमी ऐकू येतंय, त्या म्हणाल्या. कोल्हापुरात त्यांचेच विद्यार्थी कोपऱ्या-कोपऱ्यावर दवाखाने थाटून बसलेत, एकाकडे जायला तयार नाहीत. सकाळी उठले आणि म्हणाले की जतला जायचं.

"सर, एवढ्या लांब?" मी म्हटलं.

त्यांनी डोकं माझ्याकडे वळवलं आणि उजवा कान पुढे केला.

"या वेळी कानच आहे," ते म्हणाले. "पण तू बघून सांग."